लोणकढी

गुदैबियातल्या या दोन खोल्यांत
टेबल एकच, त्यामुळे
नकाशा उलगडला की आमटी ओट्यावर जाते.

मयूरेशने रकाने आखलेत :
भट्टीवरची त्याची पाळी, माझ्या डायलिसिसच्या रात्री,
ओजसच्या परीक्षा.
तिन्ही रिकामे चौकोन एका रांगेत येतात
ते थेट डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी,
आणि तेही वारा पडला तर.
शमाल सुटला की लाँच सुटत नाही,
बू राशिद फोनवर तीनदा म्हणाला,
चौथ्यांदा हिंदीत.

तेव्हाच का, तर पाणकावळे.
हवारच्या बेटांवर त्यांची पिल्लं असतात तेव्हा,
हजारोंनी.
ओजसने विचारलं, वास कुठवर येतो?
बू राशिद म्हणाला, बेट दिसायच्या आधी.

यादी : दुर्बीण, सिस्टर लिसम्माकडून उसनी.
उलटीच्या गोळ्या. टोप्या.
दशम्या, कारण तिथे काय मिळतं
ते कुणी नीट सांगत नाही.
लाँचचं भाडं दिनारात ऐकते,
सवयीने रुपये करायला घेते
आणि मधेच सोडून देते.

एक गोष्ट मी यादीत लिहिलेली नाही.

बाबा इथल्या गोदीत वेल्डर होते,
अठ्ठ्याहत्तर ते नव्वद.
दोन वर्षांनी एकदा मंगळवेढ्याला यायचे
अत्तर, टॉर्च आणि थापा घेऊन.
तिकडे समुद्रात बेटं आहेत,
बेटांवर हरणं.
आणि पाण्याखाली गाय असते,
गवत खाते, वासराला पाजते.

आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर,
तीही मार्चपर्यंत.
दाढी करता करता दगडू न्हावी विचारायचा,
मग धार कोण काढतं, मासे?
फेसातून बाबाही हसायचे.
लोणकढी! म्हणायची आई,
तूप तेवढं आणलं नाहीत.

मी तिसरीत निबंध लिहिला त्या गाईवर.
बाईंनी खाली लाल शाईने लिहिलं :
कल्पनाशक्ती उत्तम.
त्यानंतर बाबांची निळी पत्रं
मी मोठ्याने वाचली नाहीत.

आता मीच इथे, सहा वर्षं.
गाय आहे की नाही,
फोनवर एका टिचकीत कळलं असतं.
टिचकी मारली नाही.

काल बू राशिदला विचारलं.
आहे, म्हणाला,
पण दिसेल असं धरून येऊ नका.
चाळीस वर्षांत मी पाठ पाहिली,
दोन नाकपुड्या पाहिल्या,
अख्खी गाय एकदाही नाही.
ओहोटीला उथळ पाण्यात बघा.
गवतातून एक वाट गेलेली असते,
बोटाने रेघ ओढावी तशी,
वाळू लागेपर्यंत चरलेली.
गेली इथून, एवढंच कळतं.

आई अशीच उभी राहायची सकाळी
जोंधळ्याच्या कडेला,
मोडलेली ताटं उचलून बघायची, वास घ्यायची,
आणि सांगायची
रात्री कुणाचं जनावर शिरलं होतं.
जनावर तिने कधी पाहिलं नाही.
नाव कधी चुकलं नाही.

वर्षाकाठी पंधरा दिवस, हिशेब केला तर.
बाकी सगळं आम्ही
मनीऑर्डरच्या पावत्यांवरून ओळखायचो.

रात्री तिला फोन लावला.
बेत ठरतोय म्हटलं, त्या बेटांवर जायचा,
बाबा सांगायचे त्या.
पलीकडे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.
मयूरेश वाऱ्याचा अंदाज बघत होता,
शुक्रवारच्या चौकोनात त्याने
पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

गाईचं मला कधीच खोटं वाटलं नाही,
आई म्हणाली.
हरणांचं तेवढं बघून ये.